फर्माईशमधली जुनी गाणी: काढायची, कापायची की वेळ बदलायची?

दुधनाकाठ

मराठवाड्यातल्या सामुदायिक रेडिओ केंद्रांवर आणि एफएमवर अजूनही सगळ्यात जास्त मागणी साठ ते नव्वदच्या दशकातल्या गाण्यांना असते. त्यातली काही लावताना आता हात थबकतो. पोरीचा पिच्छा पुरवणारी, काळ्या रंगावर हसणारी, जातीचं नाव घेऊन हिणवणारी, बायकोला दोन लगावल्याचं कौतुकानं सांगणारी. बहुतेक ठिकाणी ही गाणी गुपचूप यादीतून जातात. कुणी काढली, कामून काढली, याची कुठंच नोंद नसते. मग निवेदक बदलला की तेच गाणं पेनड्राइव्हवरून परत हवेत. म्हणून पद्धत ठरवायला हा धागा.

आधी दोन गोष्टींचा घोळ मिटवू. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडं गेले, तेव्हा १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. आणीबाणीत १९७६ ला किशोरकुमारची गाणी बंद केली, तीही वरूनच. या झाल्या बंद्या. आपण बोलतोय ते वेगळं आहे: कुणी हुकूम दिलेला नाही, ऐकणाऱ्यांची नजर बदलली आहे आणि केंद्रानं स्वतःहून ठरवायचं आहे. इथं बंदी शब्द वापरला की चर्चा लगेच राजकारणावर घसरते, म्हणून तो टाळा.

ठरवायला आधार लागतोच. सामुदायिक रेडिओच्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे. स्त्रियांना कमी लेखणारं, मुलांना कमी लेखणारं, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारं, दारू-तंबाखू-नशा हवीहवीशी दाखवणारं, लिंग, धर्म, वय, अपंगत्व यांवरून हिणवणारं काही प्रसारित करायचं नाही, असं त्यात आहे. हे गाण्यालाही लागू आहे. खासगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता परवान्याच्या करारातूनच लागू होते. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं दारू, नशा, बंदूक आणि टोळ्यांचं कौतुक करणाऱ्या गाण्यांबद्दल सगळ्या एफएम वाहिन्यांना वेगळं पत्र दिलं.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाण्याचे शब्द कागदावर उतरवा आणि चाल सोडून गद्यासारखे मोठ्यानं वाचा. चाल बऱ्याच गोष्टी पोटात घालते. वाचणारे तिघं तरी असावेत, त्यांत एक बाई, एक पंचविशीच्या आतलं आणि ज्यांच्यावर ओळ आहे त्या समाजातलं एक. मग चारपैकी एक खूण: लावा, वेळ पाहून लावा, अंतरा वगळून लावा, लावू नका. खुणेसोबत कारण एका ओळीत आणि तारीख. फाईल कधीच पुसायची नाही.

मांजरापट्टा

सर, पद्धत चांगली आहे. पण या चाळणीतून लावण्या जातील ना सगळ्या. दादा कोंडकेंचं तर नावच नको. दुहेरी अर्थावर कात्री चालवायची म्हणल्यावर आपल्याकडं उरतं काय?

दुधनाकाठ

दुहेरी अर्थ या चाळणीत मुळीच नाही. चावट असणं आणि हिणवणं यांत फरक आहे. लावणीत बहुतेक वेळा बोलणारी बाईच असते, हवं-नको तीच सांगते, समोरच्याला खेळवते. 'ढगाला लागली कळ' ऐकून कुणाचा अपमान होत नाही. १९९३ ला 'चोली के पीछे'वर दिल्लीच्या कोर्टात अर्ज गेला होता, तोही टिकला नाही. चावट गाण्याला फार तर वेळ बदला. सकाळच्या भक्तिगीतांच्या शेजारी ते नको, एवढंच.

पेटीवाला

जरा विषयांतर. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत चक्क हार्मोनियम बंद ठेवली होती, श्रुती नीट लागत नाहीत म्हणून. तेव्हा 'हे रेडिओवर शोभत नाही' ठरवणाऱ्यांनी आपल्या कारणांकडं मधूनमधून परत बघावं. दुधनाकाठ सरांनी तारीख टाकायला सांगितली ते त्यासाठीच असणार.

बिंदुसरा

वयाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. बीड, परभणी, जालना या पट्ट्यात बालविवाह ही कागदावरची गोष्ट नाही. ऊसतोडीला जायच्या आधी पोरीचं उरकून टाकायची घाई असते. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, मुलीचं वय १८ पूर्ण हवं. अशा ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या रूपाचं वर्णन करणारी जुनी गाणी ऐकताना कान टोचतात.

तरी सरसकट काढू नका. सुलोचना चव्हाणांचं 'सोळावं वरीस धोक्याचं' घ्या. वय शब्दांत उघड आहे, पण बोलणारी तीच आहे आणि सांगतेय ते धोक्याचं. या गाण्याला 'वेळ पाहून लावा' ही खूण पुरते: शाळकरी मुलींच्या कार्यक्रमाच्या आधी-नंतर नको, लग्नसराईच्या विशेष कार्यक्रमात नको, रात्री लावण्यांच्या तासात बेलाशक लावा. याउलट मोठा पुरुष कोवळ्या पोरीकडं बघून गातो आणि ती अख्ख्या गाण्यात एक शब्द बोलत नाही, अशा गाण्याला वेळ बदलून फायदा नाही. बोलतंय कोण आणि कुणाबद्दल, हे आधी बघायचं. शब्द तेच असले तरी खूण बदलते.

रंगाचंही तसंच आहे. 'गोरी' हा शब्द हिंदी-मराठी गाण्यांत नुसतं 'पोरी' म्हणावं तसा येतो. तेवढ्यानं गाणं काढायला लागलो तर कपाट रिकामं होईल. काळ्या माणसाला हसायचा विषय केलाय का, किंवा गोरेपणावर लग्न ठरतंय का, एवढं बघा.

पाठलागाची गाणी थोडी फसवी असतात. पडद्यावर नायक जीप घेऊन मागं लागलेला असतो, ओढणी ओढत असतो, पण शब्दांत फक्त चंद्र-तारे. रेडिओवर चित्र दिसत नाही. तेव्हा यूट्यूबवर बघून निकाल देऊ नका, डोळे मिटून ऐका. उलटंही होतं. पडद्यावर दोघं गोडीत दिसतात आणि शब्द सरळ धमकीचे असतात, 'नाही म्हणलीस तरी सोडणार नाही' अशा अर्थाचे. ते रेडिओवर उघडं पडतं. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८.

आणि खरा धोका गाण्यापेक्षा फर्माईशीच्या चिठ्ठीत आहे. 'अमुक गावच्या अमुक हिच्यासाठी' म्हणून एखादा पोरगा पाठलागाचं गाणं मागतो आणि निवेदक पोरीचं नाव, गाव, कधीकधी कॉलेजसुद्धा वाचून दाखवतो. शंभर वॅटच्या केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटर, म्हणजे त्या पल्ल्यातलं अख्खं गाव तिला ओळखतं. मग घरचे तिचा फोन काढून घेतात, कॉलेज बंद करतात. गाणं कोणतंही असो, एकट्या मुलीचं नाव गावासकट वाचू नका. मागणाऱ्याचं नाव वाचा. समर्पण 'मित्रपरिवार', 'घरची मंडळी' इतकंच ठेवा.

मांजरापट्टा

ताई, शेवटचा मुद्दा आजच फलकावर लावतो.

तेरणा

जातीच्या ओळींबद्दल कुणी सांगेल का? जुन्या गाण्यांत व्यवसायावरून आलेली जातींची नावं खूप आहेत. सगळीच अपमानाची नसतात.

दुधनाकाठ

कुंभार, लोहार, कोळी हे कामाच्या वर्णनात आले तर काही अडत नाही, लोकगीतांचा तो कणाच आहे. नाव तुलनेत आलं की सावध व्हा. 'अमका स्वतःला तमका समजतो' अशी ओळ एकाला खाली बसवूनच उभी राहते. २००७ च्या 'आजा नचले'च्या शीर्षकगीतात मोची आणि सोनार अशीच ओळ होती. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणानं चित्रपट रोखला, निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली. पण गाण्यांची सीडी चित्रपटाच्या आधी बाजारात आली होती, तिच्यावर जुनीच ओळ आहे. केंद्राच्या कपाटात बहुधा तीच असते. चित्रपटात दुरुस्त झालं म्हणजे आपल्या फाईलमध्ये झालं, असं धरू नका.

आपल्या भागात याकडं काणाडोळा करून चालत नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ हा भाग पेटलेला होता. इथला श्रोता अशी ओळ ऐकल्यावर चॅनल बदलत नाही, केंद्राच्या दारात येतो. आणि बरोबर करतो.

तेरणा

एखादाच शब्द खटकत असेल तर तो मुका करायचा, नाहीतर उलटा फिरवायचा, असं खासगी एफएमवाले करतात. आपण करावं का?

दुधनाकाठ

कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ड प्रसारणाच्या वैधानिक परवान्याबद्दल आहे. मूळ कृतीत नवा बदल हक्कदाराच्या संमतीशिवाय करायचा नाही, असं त्यात आहे. सूट दोनच बाबतींत: तांत्रिक गरज आणि प्रसारणाच्या सोयीसाठी कृती आखूड करणं. अख्खा अंतरा वगळणं हे आखूड करणं. शब्द उलटा फिरवणं, त्या जागी दुसरा टाकणं हा सरळ बदल. एक शब्द मुका करण्यावरही वाद घालता येतो, म्हणून तिथं संमती घ्या. शिवाय कलम ५७ खाली कृतीची मोडतोड झाली तर कवी-संगीतकार तक्रार करू शकतात. त्याच ३१ड मध्ये कवी, संगीतकार आणि प्रमुख गायकाचं नाव प्रसारणात सांगायचंही बंधन आहे. गाणं कापलं म्हणून नावं गाळू नका. तुमचा परवाना कंपनीशी स्वतंत्र कराराचा असेल तर त्यातली अट आधी वाचा, ती याहून कडक असू शकते.

कंपनीनं स्वतःच बदललेली आवृत्ती असेल तर प्रश्नच मिटला. १९९४ च्या 'खुद्दार'मधलं 'सेक्सी सेक्सी' वादानंतर 'बेबी बेबी' झालं, दोन्ही रेकॉर्डिंग फिरत असतात. तीच दुसरी घ्यायची.

मन्याड

अंतरा वगळायचं तंत्र लिहितो. ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे, बाकी विकत काही घ्यायला नको.

जुन्या चित्रपटगीताची बांधणी बहुतेक ठरलेली असते: मुखडा, संगीत, पहिला अंतरा, परत मुखड्याची ओळ, संगीत, दुसरा अंतरा, परत तीच ओळ, असं शेवटपर्यंत. दुसरा अंतरा काढायचा तर नवशिके अंतऱ्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कापतात. मग आधीचं संगीत लटकत राहतं आणि गाणं ठेचकाळतं. कापायचं ते मुखड्याच्या ओळीपासून मुखड्याच्या ओळीपर्यंत. पहिल्या अंतऱ्यानंतर येणाऱ्या मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर एक खूण, दुसऱ्या अंतऱ्यानंतर येणाऱ्या त्याच शब्दाच्या त्याच अक्षरावर दुसरी. मधलं सगळं उडवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तोच शब्द, तोच सूर, तोच ठेका, त्यामुळं कान फसतो.

खूण समेवर ठेवा. तबल्याचा किंवा ढोलकीचा 'धा' पडद्यावरच्या आवाजाच्या लाटेत काट्यासारखा वर आलेला दिसतो, त्याच्या किंचित आधी. झेड दाबलं की निवड शून्यरेषेवर सरकते, टक् असा आवाज येत नाही. सांध्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा चढत जाणं, पुरतो. व्हायोलिनचा ताफा किंवा लांब घुमारा असेल तर ४० ते ८०. त्यापेक्षा लांब केला तर दोन तबले एकावर एक ऐकू येतात.

काय बिघडतं ते सांगतो. गणित करून कापणं हा पहिला घोटाळा. मिनिटाला ९६ ठोके, चार ठोक्यांचं आवर्तन अडीच सेकंदांचं, सोळा आवर्तनं म्हणजे ४० सेकंद, हे आजच्या गाण्यांना चालतं. साठ-सत्तरची गाणी अख्ख्या ताफ्यानं एकत्र वाजवलेली, लय हळूहळू चढते. ४० सेकंद मोजून कापलं तर ठेका चुकतोच. तिथं कानानंच खूण करावी लागते. शेवटच्या अंतऱ्यानंतरचा मुखडा बरेचदा वरच्या पट्टीत असतो किंवा कोरस जोडलेला असतो, तिथं हा सांधा बसत नाही. तेव्हा तो अंतरा आहे तसा ठेवा, नाहीतर मुखड्यावरच फेडआउट करा. आणि एमपीथ्री उघडून, कापून, परत एमपीथ्री करू नका, झांजा खरखरतात. कापलेली प्रत वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाईलमध्ये, काढा. आवाजाची पातळी मूळ फाईलइतकीच ठेवा, नाहीतर कापलेलं गाणं आलं की श्रोता आवाज वाढवतो आणि पुढच्या जाहिरातीला दचकतो.

खटकणारी ओळ मुखड्यातच असेल तर यातलं काहीच चालत नाही. मुखडा पाच-सहा वेळा येतो. तिथं कात्री बाजूला ठेवा, 'लावू नका' किंवा 'वेळ पाहून'.

पेटीवाला

मन्याडदादा, लाखात एक! मुखडा ते मुखडा हे रियाजाच्या कॅसेटवर पण चालतंय बघा.

मांजरापट्टा

यादी केली, खुणा केल्या, तरी रात्रीच्या स्वयंचलित तासात नको ते गाणं वाजतंच. कामून होत असेल?

मन्याड

नेहमीची कारणं सांगतो. एकच गाणं लायब्ररीत तीन-चार वेळा असतं: मूळ, नव्वदच्या दशकातलं झंकार बीट्स (जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवलेलं), रिमिक्स आणि 'सुपरहिट' संग्रहातलं. तुम्ही एकावर खूण केली, संगणकानं दुसरं उचललं. नावावरून शोधू नका, कारण प्रत्येकानं स्पेलिंग वेगळं केलेलं असतं. गायकाच्या नावानं शोधा आणि मग लांबी लावून रांगेत बघा.

दुसरं, कापलेली प्रत आणि मूळ एकाच फोल्डरमध्ये ठेवलेली असते. प्लेआउट, म्हणजे गाणी आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, फोल्डरमधून आलटून पालटून उचलतं. मूळ फाईल प्लेआउटला न दिसणाऱ्या वेगळ्या डिस्कवर हलवा. फाईलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. बरेच जुने प्लेआउट देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवतात आणि मग निवेदक अंदाजानं लावतो.

तिसरं लवकर सापडत नाही. प्रायोजित कार्यक्रम तयार होऊन येतात, त्यात गाणं आतच मिसळलेलं असतं. किंवा निवेदनाखाली त्याच गाण्याची नुसती धून वाजते. शब्द नसले तरी श्रोत्याच्या डोक्यात शब्दच वाजतात. असे कार्यक्रम हवेत जायच्या आधी पुरते ऐकावेत. तक्रार आलीच तर प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने ठेवायचा नियम आहे, त्यातून नेमकं काय गेलं ते काढता येतं. वेळेची नोंद असली तर दहा मिनिटांचं काम, नसली तर दिवस जातो.

खडकवस्ती

बाहेरच्या देशांत काय होतं तेही टाकतो, तुलनेला बरं. कॅनडात २०११ च्या जानेवारीत डायर स्ट्रेट्स या बँडच्या 'मनी फॉर नथिंग'मधल्या समलिंगींना उद्देशून असलेल्या एका शब्दावरून प्रसारण मानक मंडळानं मूळ आवृत्ती लावू नये असा निर्णय दिला. मूळ तक्रार एकाच श्रोत्याची. मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी मंडळानं निर्णय ज्या त्या केंद्रावर सोपवला. २०१८ च्या नाताळात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका केंद्रानं 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' काढलं. ती निघायचं म्हणतेय आणि तो थांबवतोय, असं ते १९४४ चं गाणं. त्यापाठोपाठ ज्यांनी काढलं त्यांतल्या काहींनी श्रोत्यांचा कौल घेऊन परत लावलं.

मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते बीबीसीचं. 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' हे १९८७ चं नाताळचं गाणं. २००७ मध्ये रेडिओ वननं त्यातले खटकणारे शब्द दाबले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी मूळ आवृत्ती परत आणली. २०२० ला मात्र तरुणांच्या रेडिओ वनवर बदललेली आणि वयस्कांच्या रेडिओ टूवर मूळ, अशी सोय केली. संस्था एकच, गाणं एकच, श्रोते वेगळे. बिंदुसराताई म्हणतात ती 'वेळ पाहून लावा' खूण म्हणजे हेच, फक्त आपल्याकडं दोन वाहिन्या नाहीत, तास आहेत.

तेरणा

आणि गाणं चांगलं पण गायकाचं वागणं वाईट निघालं तर? मायकल जॅक्सनचं २०१९ ला झालं तसं.

खडकवस्ती

ते वेगळं खातं. तेव्हा एका माहितीपटानंतर न्यूझीलंड आणि कॅनडातल्या क्विबेकमधल्या काही केंद्रांनी त्याची गाणी थांबवली. शब्दांशी त्याचा संबंध नव्हता. या यादीत ते मिसळू नका. आपल्या खुणा शब्दांवर आहेत. माणसावर खुणा करायला लागलो की पुरावे तपासत बसावं लागेल, ते केंद्राचं काम नाही.

मांजरापट्टा

शेवटचं विचारतो. फर्माईशीत तेच गाणं परत परत मागितलं तर हवेत काय सांगायचं? 'आमच्याकडं नाही' म्हणलं की लोक दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईलच पाठवायलेत.

बिंदुसरा

'नाही' कधीच म्हणू नका, मागच्या वर्षी तुम्हीच वाजवलेलं त्यांच्या लक्षात असतं. भाषणही देऊ नका. 'वेळ पाहून' खूण असेल तर वेळ सांगा: 'हे गाणं रात्री साडेनऊच्या तासात ऐका.' 'लावू नका' असेल तर मागणाऱ्याचं नाव वाचून लगेच दुसरं लावा. बदली गाणं निवडताना गायक तोच, काळ दोन-चार वर्षांच्या आतला आणि ठेका जवळचा, एवढं जुळलं तर दहातले आठ जण पुढं विचारत नाहीत. त्यासाठी 'लावू नका'च्या प्रत्येक गाण्यासमोर दोन बदली गाणी आधीच लिहून ठेवा, थेट प्रसारणात सुचत नाहीत. उरलेले दोघं फोन करतील. त्यांना फोनवर शांतपणे ओळ वाचून दाखवा आणि विचारा, ही ओळ तुमच्या घरात मोठ्यानं म्हणाल का. बहुतेक जण हसतात. एखादा भांडतो, त्याचं म्हणणं तारखेसह वहीत उतरवा आणि पुढच्या तपासणीत त्या गाण्याची खूण परत बघा.

मांजरापट्टा

वही घेतली. बदली गाण्यांची यादी या आठवड्यात इथंच टाकतो, मन्याडदादांनी लांबी तपासून द्यावी.

मन्याड

टाका. झंकार बीट्सवाली मधी घुसवू नका तेवढं.